वर्तुळ दोनशे तेहतीसमधले श्रोते

त्या वर्षी उपग्रह रेडिओवर बेचाळीस हजार चॅनेलं होती आणि त्यांतलं तीन हजार एकशे आठ नंबरचं माझं होतं. हे मी फुशारकीने सांगत नाही. बेचाळीस हजारांत एक असणं म्हणजे जत्रेत एक पिपाणी वाजवणं. पण ती पिपाणी माझी होती. ती बंद होणार असं पत्र डिसेंबरच्या बावीस तारखेला आलं, तेव्हा मी भरलं ताट बाजूला सारलं. असं आमच्या घरात कुणी कधी पाहिलं नव्हतं.

कसली कसली चॅनेलं होती तेव्हा! एक फक्त डावखुऱ्यांसाठी होतं. एकावर दिवसभर कुकरच्या शिट्ट्या वाजायच्या, आणि परदेशात एकट्या राहणाऱ्या मुलांमध्ये ते फार चालायचं. साताऱ्याकडचे एक निवृत्त मास्तर रोज एक पाढा म्हणून दाखवायचे आणि तो आपल्याला का आवडतो ते अर्धा तास सांगायचे. एका नंबरावर सासवा बोलायच्या आणि शेजारच्याच नंबरावर सुना. दोन्हीकडे कान लावणारी माणसं बरीचशी तीच होती, असं म्हणतात. मेंढपाळांचं वेगळं, जुळ्यांचं वेगळं, ज्यांचं नुकतंच टक्कल पडू लागलंय त्यांचंसुद्धा वेगळं.

माझं चॅनेल दर्यावरच्या लोकांसाठी होतं. मी जयवंती चोगले, हेदुलीबंदरची. वीस वर्षं मी आमच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारला. लिलावात नाव आठवायला सवड नसते, उभ्या जागेवरून हाक मारायची असते. "खांबाजवळच्या मावशी, बोला!" "टेम्पोवाले भाऊ, मागे काय बघता?" मग लिलाव मोबाईलवर गेला, बंदर गप्प झालं आणि माझा घसा रिकामा झाला. घरात मी साधं मीठ मागितलं तरी शेजारचे दचकायचे. तेवढ्यात रेडिओ कंपनीने दर्यावरच्या माणसांसाठी काही चॅनेलं फुकट देऊ केली. मी अर्ज केला, आवाजाची चाचणी दिली, आणि चाचणी घेणाऱ्या पोराने कानावरचे हेडफोन काढून ठेवले. त्याच दिवशी चॅनेल मिळालं.

सकाळी सहा ते आठ मी बोलायची. आधी वारा आणि लाटा, मग घरचे निरोप. आमच्या चौऱ्याऐंशी बोटी दहा-दहा दिवस बाहेर असतात. तिथे मोबाईलला रेंज नाही, आणि सॅटेलाइट फोन बोटीवर एकच, तोही तांडेलाच्या, म्हणजे कप्तानाच्या, कुलुपात, अडीअडचणीसाठी. त्यामुळे कुणाची पोर चालायला लागली, कुणाचं जमलं, कुणाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, हे सगळं दर्यावर पोचायचं ते माझ्या तोंडून.

आता हे जमत कसं होतं ते सांगते. मला ते पुण्याच्या तेजस्विनी कुलथे नावाच्या इंजिनीअर बाईंनी फोनवर समजावलं होतं.

पूर्वीचा उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर एका जागी बसायचा आणि अख्ख्या देशावर एकच झोत टाकायचा. एका चॅनेलाने एक लहर अडवली की ती सगळ्या देशात अडली. म्हणून चॅनेलं मोजकी. आता साडेपाचशे किलोमीटरवरून लहान लहान उपग्रहांचा थवा फिरतो. एक मावळतीला गेला की दुसरा डोक्यावर आलेला असतो. त्यांचा झोत इतका बारीक की जमिनीवर किंवा पाण्यावर त्याचं पंचवीसेक किलोमीटरचं वर्तुळ पडतं. हेदुलीत एक गणपत असला आणि नागपुरात दुसरा असला, तर हाक मारताना घोटाळा होत नाही. तशी एकच लहर लांबलांबच्या वर्तुळांत पुन्हा पुन्हा वापरता येते. शिवाय रेडिओतली चिप बोलणाऱ्याचा आवाज आधीच शिकून ठेवते. वरून येतात ते फक्त शब्द आणि त्यांचे चढउतार. आवाज रेडिओ स्वतः घडवतो, अगदी माझ्या खाकरण्यासकट. एवढ्याशा धारेत एक चॅनेल बसतं, म्हणून बेचाळीस हजार.

या सगळ्यात एक गोम होती. ऐकणारा कुणीच नसेल त्या वर्तुळावर झोत फुकट कशाला जाळायचा? म्हणून प्रत्येक चालू रेडिओ दर दहा मिनिटांनी वर एक बारीक हजेरी पाठवायचा: मी अमुक वर्तुळात आहे, तमुक चॅनेल ऐकतोय. या हजेरीचा नकाशा सगळ्यांना खुला होता, कारण श्रोत्यांचे आकडे कुणी फुगवू नयेत असा नियम होता. तो माझ्याही टॅबवर दिसायचा. निळ्या दर्यावर वर्तुळं आणि वर्तुळांत प्रत्येक चॅनेलाचे आकडे.

दिवाळीपर्यंत माझ्या वर्तुळांची बेरीज सत्तर-ऐंशीवर असायची. दिवाळीनंतर ती उतरायला लागली. पन्नास, तीस, अकरा. डिसेंबरात काही सकाळी सरळ शून्य. आणि आता हे पत्र: एकतीस डिसेंबरला सकाळी सात ते आठ मोजणी होईल, दर्यावर किमान पन्नास रेडिओ लागलेले नसतील तर चॅनेल रांगेतल्या पुढच्या अर्जदाराला जाईल. पुढचा अर्जदार पोपट पाळणाऱ्यांचा संघ होता.

मला झोंबलं ते पोपटांचं नाही. कुठल्या बोटीचा रेडिओ चालू आहे हे मला यादीत दिसायचं. त्या यादीत 'सागरकन्या' आठ-आठ दिवस दिसत नव्हती, आणि 'सागरकन्या'चा तांडेल म्हणजे आमचे हरेश्वर, माझे यजमान. सत्तावीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला चांगलंही म्हटलं नाही आणि वाईटही नाही. लग्नात नावसुद्धा इतकं पुटपुटत घेतलं की भटजींनी दोनदा विचारलं. तरी मी मनात धरून चालले होते की लांब दर्यावर हा माणूस रोज सकाळी माझं ऐकतो. ते खोटं ठरलं. मला रडू आलं, आणि मी रडते तेव्हा तेही गल्लीभर ऐकू जातं.

दुसऱ्या दिवशी मी जैबूकडे गेले. जैबुन्निसा मुकादम माझी लहानपणापासूनची मैत्रीण. तिचा नवरा इकबाल आणि मुलगा सलीम एकाच बोटीवर असतात. ती वाळवणाच्या मांडवावर बोंबील टांगत होती. मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या सुनेचे दिवस भरत आलेत. पोराला निरोप कोण देणार मग? पोपट?"

"श्रोतेच नायत गो. मंगळवारी तर एक पण नव्हता."

"मंगळवारी? त्या फेरीला तर सुरमई सुरमई झालेली. बुधवारी बोटी लागल्या तर बर्फ पुरला नाय."

मी उभी होते ती मांडवाखाली बसलेच. मासळीच्या बाबतीत माझं डोकं पक्कं आहे. कुठली बोट कधी काय घेऊन आली हे मला वीस वर्षांचं आठवतं. मी टॅब उघडला आणि दिवस जुळवायला लागले. सतरा तारखेला शून्य, अठराला टोपल्या भरून. नऊला चार, दहाला भरून. तीन तारखेला पासष्ट श्रोते, आणि चारला सगळ्या बोटी हात हलवत परत. जैबू खांद्यावरून बघत होती.

"मासळी लागली की तुझा रेडिओ बंद करतायत हे," ती म्हणाली.

"पण का?"

जैबूने हातातला बोंबील खाली ठेवला. "दिवाळीनंतरचा तुझा नमस्कार आठव."

आठवला, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. एका सकाळी मी नकाशा बघून अगदी उमाळ्याने म्हटलं होतं, "वर्तुळ एकशे एकोणीसमधल्या माझ्या एकोणीस श्रोत्यांना नमस्कार! आज सगळे एकाच ठिकाणी जमलात की हो!" जागेवरून हाक मारायची सवय. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आता आमच्या एकोणीस बोटी एका ठिकाणी कशाला जमतील? भजनाला? दुसऱ्या दिवशी परक्या बंदरांच्या चाळीस मोठ्या बोटी त्या वर्तुळात घुसल्या आणि दर्या खरवडून गेल्या. तेव्हापासून नकाशाही जो तो बघू लागला होता.

मासा कुठे गावला ते सांगायचं नाही, हा आमच्याकडचा सगळ्यांत जुना नियम. बाप मुलाला सांगतो तेही मुलाला तांडेल करताना. बायकोला तर नाहीच. नवरे घरी येऊन वादळाचं सांगतील, मगरीएवढ्या वाम माशाचं सांगतील, जागेचं नाव निघालं की पाणी मागतील.

"मला सांगायचंस नाय का, जैबू?"

"काय सांगू? तुझ्यामुळे जागा फुटली म्हणायचं तर जागा कुठली ते आलंच त्यात. इकबाल तीन दिवस जेवला नाय, पण बोलला नाय. कुणीच बोललं नाय. तू रडशील म्हणून पण असेल."

मी तेजस्विनीबाईंना फोन लावला. नकाशा झाकता येईल का? बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "झोत टाकायचा तर तुमचा रेडिओ कुठल्या वर्तुळात आहे ते उपग्रहाला कळावंच लागतं. लोकांना दाखवायचं थांबवता येईल, पण तो नियम बदलायला सहा महिने जातात."

"मोजणी आठ दिवसांवर आलीय हो."

"ताई, मला खरंच वाईट वाटतंय. मी पुण्यात तुमचं चॅनेल ऐकते. माझ्या घरात कुणी मासे खात नाही, तरी ऐकते. पण माझा रेडिओ जमिनीवरचा, तो मोजणीत धरत नाहीत."

सव्वीस तारखेला 'सागरकन्या' बर्फ भरायला बंदरात आली. हरेश्वर जेवायला बसले. मी समोर बसले आणि शक्य तेवढ्या हळू आवाजात विचारलं, "एकच विचारते. माझा रेडिओ तुमी बंद करता, तेव्हा जाळं जड असतं ना?"

घास हातातच राहिला. हरेश्वरांनी भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमटी खारट झालीय."

आमटी उत्तम झाली होती. म्हणजे उत्तर हो असं होतं, आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. माझा आवाज नको म्हणून नव्हे, मासा राखायचा म्हणून ते रेडिओ बंद करत होते. मी म्हटलं, "मग बंदच ठेवा. वर्षाचा मासा आठ दिवसांत मिळतो. माझ्या बडबडीपायी तो घालवायचा नाय. एकतीसला सात ते आठ मोजणी आहे, तेव्हा पण बंदच ठेवा." हरेश्वरांनी तीच आमटी पुन्हा वाढून घेतली.

एकतीस डिसेंबर. सहाला मी माइक उघडला. पत्र्याची छोटी खोली, मी, माझ्या शेजारी जैबू. तिचे डोळे लाल होते आणि चेहरा फुललेला, कारण पहाटे चार वाजता तिची सून बाळंत झाली होती. नकाशावर शून्य.

शून्याला उद्देशून दोन तास बोलणं सोपं नाही. तरी मी वारा सांगितला, लाटा सांगितल्या. सात वाजले, मोजणी सुरू झाली. मी म्हटलं, "मंडळी, आज आपला शेवटचा कार्यक्रम. तुम्ही ऐकत नाही हे मला दिसतंय, आणि तुमच्यावर माझा जराही राग नाही. चूक माझी होती. एक दिवस मी हाक मारायला नको तिथून मारली. माझी बाळं तुम्ही सगळी. तुमची जाळी भरू देत." जैबूने पाण्याचा तांब्या पुढे केला.

सात वाजून अठरा मिनिटांनी नकाशावर एक आकडा उमटला. वर्तुळ दोनशे तेहतीस: एक. मी यादी बघितली. 'सागरकन्या'.

एखाद्या तांडेलाने ऐन मोसमात, मासळी लागलेली असताना, साऱ्या जगाला दिसेल असा रेडिओ लावायचा म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. त्यापेक्षा त्याने बोट विकली असती. "बंद करा! काय करताय हे?" मी माइकमध्येच ओरडले. तर दोनशे तेहतीसमध्ये नऊ झाले, मग सतरा. तिकडे दोनशे आठमध्ये बारा उमटले, दोनशे पन्नासमध्ये वीस. इकबालची बोट लागली. आकडे दर मिनिटाला वाढत होते. जैबू बोटांवर मोजत होती आणि मी डोळे पुसून त्या वर्तुळांकडे बघत होते.

बघता बघता माझ्या ध्यानात आलं. दोनशे तेहतीस म्हणजे बुडालेल्या जहाजाची जागा. तिथे जाळी फाटतात, म्हणून माझ्या आजेसासऱ्यांच्या काळापासून तिथे कुणी जाळं टाकत नाही. दोनशे आठमध्ये नुसता चिखल. दोनशे पन्नासमध्ये डिसेंबरभर जेलीफिश. चौऱ्याऐंशी बोटींनी आपसांत ठरवून भरल्या दर्यात जाळी ओढून घेतली होती, मासा मागे सोडला होता, दोन-दोन तास डिझेल जाळलं होतं, आणि जिथे काही म्हणजे काही मिळत नाही अशा पाण्यात जाऊन माझा कार्यक्रम ऐकायला बसल्या होत्या.

मी हसायला लागले. हसू थांबेना. जैबूने चमकून विचारलं, "काय झालं?" मी माइकवर हात ठेवला आणि तिला वर्तुळं दाखवली. इकबालची बायको ती, तिला लगेच कळलं. तिने पदर तोंडात कोंबला.

मग मी हात काढला. वीस वर्षांत लिलाव पुकारला नसेल अशा आवाजात पुकारलं, "वर्तुळ दोनशे तेहतीसमधल्या माझ्या श्रोत्यांना नमस्कार! आज एवढे सगळे एकाच ठिकाणी जमलात की हो! काय विशेष? आणि दोनशे आठवाले, तुमच्याकडे पण गर्दी दिसतेय! दोनशे पन्नासवाले भाऊ, मागे बघू नका, पुढे बघा!"

अर्ध्या तासात नकाशाच्या कडेने परक्या बोटींच्या हजेऱ्या हलायला लागल्या. घाईत स्वतःचे रेडिओ बंद करायला विसरले होते. वेगवेगळी गाणी ऐकत चाळीस बोटी दोनशे तेहतीसकडे धावत निघाल्या होत्या.

"आता महत्त्वाचा निरोप," मी म्हटलं. "सलीम मुकादम, ऐकतोयस ना बाळा? तुला मुलगी झाली. सव्वातीन किलो. नाक आजीचं आहे, त्याला इलाज नाही. आई आणि पोर दोघी छान." जैबूने मला एक चापट मारली, मग माझ्या गळ्यात पडून रडली, आणि तिचं ते रडणंही चौऱ्याऐंशी बोटींवर ऐकू गेलं. पुढे सलीमने सांगितलं की तिथे बोटींनी एकाच वेळी इतके भोंगे वाजवले की पाण्यावरचे पक्षी उठून गेले.

आठ वाजता मोजणी संपली. चौऱ्याऐंशी. सव्वाआठला नकाशावर पुन्हा शून्य. सगळे आपापल्या जागी मासा धरायला परत निघाले होते. तेजस्विनीबाईंचा फोन आला. "ताई, असा आकड्याचा आलेख मी आयुष्यात पाहिला नाही. एकदम उठला आणि एकदम झोपला. काही बिघाड तर नाही ना?"

"बिघाड नाही बाई," मी म्हटलं. "ही आमच्याकडची पद्धत आहे."

परक्या बोटींनी त्या दिवशी बुडालेल्या जहाजावर दहा जाळी फाडली आणि दोनशे पन्नासमधून जेलीफिशचे ढीग उपसले. तेव्हापासून आमच्या बोटींनी ठरवूनच टाकलं. मासा सोडून कुठेतरी भलत्याच पाण्यात जायचं, अर्धा तास रेडिओ लावायचा, निरोप ऐकायचे, नकाशावर थाप मारायची आणि परत कामाला लागायचं. आता माझे आकडे बघून कुणी दर्यात निघत नाही. चॅनेल मात्र चालू आहे आणि पोपटवाल्यांना दुसरा नंबर मिळाला.

'सागरकन्या' तीन तारखेला दुपारी आली, पाणी काठाला लागेल इतकी भरून. हरेश्वर घरी आले, पाय धुतले, जेवले. मी काही विचारलं नाही. सत्तावीस वर्षं विचारून बघितलं होतं.

जेवण झाल्यावर त्यांनी उठून दार लोटलं. खिडकी लावली. माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "बुडल्या जहाजावर तुझं ऐकायला गेलेलो आमी. मासा तिथे नव्हता."

"कळलं मला ते."

"मासा कुठे होता ते सांगतो."

आणि त्या माणसाने मला जागा सांगितली. किती वाव खोल पाणी, डोंगराचं कुठलं टोक कशाच्या रेषेत धरायचं, ओहोटीला किती वेळ थांबायचं, सगळं. त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलं होतं तसं, कानाशी लागून, एकेक शब्द दोनदा. मी आयुष्यात पहिल्यांदा नुसती ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी माइक उघडला. वारा सांगताना आवाज कापला, लाटा सांगताना पुन्हा कापला. जैबू म्हणाली, "सर्दी झाली काय गो तुला?"

"हो," मी म्हटलं, "सर्दीच आहे."